यादी कोण करतो? विद्यापीठ ग्रंथालयांचे डिजिटायझेशन आणि आपले कागद

विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटायझेशन सुरू झाले की बातमी ठरलेली असते. कुलगुरू फीत कापतात, यंत्राच्या काचेखाली एखादी जुनी पोथी उघडून ठेवलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी ‘अमुक लाख पाने आता एका क्लिकवर’ असा मथळा येतो. पानांचा आकडा सगळेच छापतात. ती पाने कोणाची, हे क्वचितच कोणी विचारते.

आपण विचारायला हवे. ‘उपलब्ध साहित्य’ म्हणजे नेटवर सापडणारे साहित्य, असा अर्थ आता जवळजवळ रूढ झाला आहे. एम.ए.ची मुलगी लघुप्रबंधाचा विषय ठरवताना आधी मोबाईलवर शोधते. तिथे काही मिळाले नाही की मार्गदर्शक म्हणतात, ‘संदर्भ नाहीत, विषय बदल.’ ज्यांच्या घरात आईवडिलांची पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना दुसरी वाट असते. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला ती नसते. म्हणून एखादे कागदपत्र स्कॅन झाले की नाही, हा त्याच्यासाठी तांत्रिक प्रश्न उरत नाही. त्यावर संशोधनाचा विषय ठरतो, आणि पुढे कोणाचा इतिहास लिहिला जाईल तेही ठरते.

डिजिटायझेशन यंत्रापाशी सुरू होते असा आपला समज असतो. ते सुरू होते यादीपाशी. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो आणि त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते. स्कॅन करायच्या वस्तूंची यादी याच नोंदवहीतून निघते. निकष ऐकायला अगदी निर्मळ असतात: जे जुने आहे, दुर्मिळ आहे, जीर्ण झाले आहे, ज्याला मागणी आहे आणि ज्याचा कॉपीराइट संपला आहे ते आधी घ्या. यातला एकही निकष जातीचे नाव घेत नाही. पण नोंदवहीत मुळात काय आले, हे पाहिले की चित्र बदलते. नोंद व्हायची तर बिल लागते, नाहीतर देणगीचे पत्र. पुस्तक प्रकाशकाच्या सूचीत असावे लागते, ग्रंथनिवड समितीवर बसलेल्या कोणाला तरी ते ‘ग्रंथ’ वाटावे लागते.

नामांतराचे आंदोलन घ्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८च्या जुलैमध्ये केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सुमारे सोळा वर्षांत गावोगाव पत्रके निघाली, सायक्लोस्टाईल केलेली निवेदने निघाली, सभांच्या जाहिराती आणि लाँग मार्चचे आवाहन करणारे कागद निघाले. विद्यापीठाच्या इतिहासाचा एवढा मोठा तुकडा आणि त्याचे मूळ कागद म्हणजे ही पत्रके. पण पत्रक कोणी विकत घेत नाही. त्याला बिल नसते, बिल नाही म्हणून दाखल क्रमांक नसतो, आणि दाखल क्रमांक नाही म्हणून ते स्कॅनच्या यादीत येत नाही. कोणी ठरवून वगळले असे म्हणायचीही गरज नाही, पद्धतच ते काम चोख करते.

‘मागणी’च्या निकषाचेही तसेच. मागणी मोजतात देवघेवीच्या नोंदींवरून. जे तालिकेत नाही ते कोणी मागत नाही, आणि जे मागितले जात नाही त्याला मागणी नाही असे ठरते.

यादी झाली की निविदा निघते. बहुतेक ठिकाणी काम बाहेरच्या एजन्सीला जाते आणि दर पानामागे ठरतो. इथे थोडा हिशेब करू. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर दाबून लहान न केलेली मूळ टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. दोनशे पानांच्या एका पुस्तकाला पाच जीबीहून जास्त जागा लागते. जपणुकीसाठी तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या तर त्याच्या तिप्पट. वाचकाला जी पीडीएफ दिसते ती याच मूळ फाइलची हलकी प्रत असते. यात खर्च आहे, सर्व्हर आहे, दर काही वर्षांनी जुन्या डिस्कवरून नव्यावर हलवण्याची कटकट आहे. आणि पानामागे पैसे मिळणाऱ्या एजन्सीला सरळ बांधणीचे, एकसारख्या आकाराचे, शाबूत पुस्तक हवे असते. वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेला अंक तिच्यासाठी तोट्याचा. लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदात आम्ल असते, तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. त्याचे एक पान उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पुस्तकाची दहा पाने होतात. त्यामुळे असे साहित्य ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलले जाते, आणि निधी पहिल्या टप्प्यातच संपतो.

आता हे आठवा की जातिअंताची आपली जवळजवळ सगळी परंपरा याच स्वस्त कागदावर उभी आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेले ‘दीनबंधु’. १९२०चे ‘मूकनायक’, १९२७चे ‘बहिष्कृत भारत’, १९३०चे ‘जनता’, १९५६चे ‘प्रबुद्ध भारत’. जलशांच्या गाण्यांच्या पुस्तिका. तमिळमध्ये अयोथी दासांनी १९०७ साली सुरू केलेले ‘तमिळन’, ज्याचा एक अंक एका पैशाला मिळायचा. लखनौमध्ये चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी ‘बहुजन कल्याण प्रकाशन’च्या नावाने काढलेल्या स्वस्त हिंदी पुस्तिका. जाड कागद आणि कापडी बांधणी परवडणाऱ्यांनी हे छापलेले नाही. पुस्तक किती टिकेल हे ते छापणाऱ्याच्या खिशावर ठरले, आणि आता तेच टिकणे स्कॅन होण्याची अट बनली आहे.

तरीही यातले बरेच वाचले. ते वाचवणारे बहुतेकदा ग्रंथालयाबाहेरचे होते. अयोथी दासांचे लेखन अनुयायांनी जपलेल्या अंकांतून गोळा झाले आणि ज्ञान अलॉयसियस यांनी संपादित केलेले खंड पाळयमकोट्टईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या लोकसाहित्य केंद्राने १९९९पासून काढले, म्हणजे ‘तमिळन’ सुरू झाल्यावर नव्वद वर्षांनी. आपल्याकडे चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांच्या चरित्राचे खंडामागून खंड लिहिले आणि त्यासाठी कागदाचा कपटा-कपटा जमवला. तो संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, आणि आंबेडकरी चळवळीवर काम करणारे संशोधक आजही त्याचा दाखला देतात. वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढला. पुढे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ही पुन्हा छापले गेले. आज खेड्यातला विद्यार्थी हे खंड मोबाईलवर उतरवून घेतो, त्यामागे आधी कोणीतरी ट्रंका उघडून कागद वाळवले, लावले, नकलून काढले आहेत. हे काम बघता ‘डिजिटल क्रांती’ वगैरे शब्द थोडे हलकेच वाटतात.

स्कॅन झाले म्हणजे सापडेल, असेही नाही. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या लेखी नुसते चित्र असते. त्यातली अक्षरे शोधता यावीत म्हणून ओसीआर करावे लागते, म्हणजे यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात. देवनागरीचे ओसीआर अलीकडे बरेच सुधारले आहे, पण खिळ्यांच्या छपाईतली तुटलेली शिरोरेषा आणि झिजलेली जोडाक्षरे त्याला अजून चकवतात. मराठीत आणखी एक गंमत आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यांचें’ असेच असते. तुम्ही आजच्या वळणाने ‘काही’ टाइप केले तर साधा शोध ‘कांहीं’पर्यंत पोचेलच असे नाही. १९२०च्या दशकातला मजकूर शोधायचा तर तेव्हाचे शब्दही घ्यावे लागतात: बहिष्कृत, अस्पृश्य, डिप्रेस्ड क्लासेस. फक्त ‘दलित’ टाकून हात हलवत परत येणारे विद्यार्थी ‘काहीच नाही मिळालं’ म्हणतात तेव्हा चूक त्यांची नसते. हे शब्द एकमेकांना जोडून ठेवणे तालिकाकाराचे काम आहे.

आणि तालिका हीच खरी जागा आहे जिथे जात शांतपणे बसलेली असते. फुल्यांचे नाव जोतीराव, जोतिबा, ज्योतिराव, महात्मा असे चार तऱ्हांनी नोंदले गेले की एकाच लेखकाची पुस्तके चार कप्प्यांत विखुरतात. नावांची एक अधिकृत नोंद ठरवून बाकीची तिला जोडायची, ही ग्रंथालयशास्त्रातली जुनी शिस्त आहे. मोठमोठ्या पंडितांच्या बाबतीत ती पाळली जाते. शाहिराच्या बाबतीत, एखाद्या जिल्ह्यातल्या पुस्तिका लिहिणाऱ्या मास्तरांच्या बाबतीत कोण पाळणार? वर्गीकरणाचेही पाहा. ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्ग ८९१.४६ आणि सामाजिक वर्ग-जातींचा ३०५.५. दलित आत्मकथने बऱ्याचदा या दुसऱ्या कप्प्यात जातात. ब्राह्मण लेखकाचे आत्मचरित्र साहित्यात किंवा चरित्रात आणि आपले समाजशास्त्रात, म्हणजे तो लेखक आणि आपण माहिती देणारे. शेल्फवर हे खटकले तरी हाताने पुस्तक हलवता येते. डिजिटल संग्रहात मात्र तोच वर्ग, तेच विषयशीर्षक फाइलसोबत जाते, एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर नकलते आणि कायमचे चिकटते.

वर्णन बिघडले की काय होते याचा मोठा नमुना आपल्या देशात होऊन गेला आहे. ‘मिलियन बुक’ प्रकल्पातून उभी राहिलेली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा त्यात पुढाकार होता, अनेक शहरांत स्कॅनिंग केंद्रे होती आणि लाखो पुस्तके स्कॅन झाली. काम प्रचंड झाले, त्याबद्दल आदरच आहे. पण मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, प्रत्येकाने आपापल्या कानाला लागतील तशी लिहिली. काही पुस्तकांत पाने गायब, काहींत तिरकी. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले आणि त्यातली पुष्कळशी पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, कारण कोणीतरी वेळीच त्यांची प्रत करून ठेवली होती. एकाच सरकारी सर्व्हरवर विसंबून राहू नये, हे तिथे सगळ्यांना दिसले.

शोधगंगेचे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे, कारण त्यात आपण स्वतः आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ती शोधगंगेवर ठेवायला सुरुवात केली. आज तिथे काही लाख प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. मध्यस्थाशिवाय, ओळखीशिवाय. बहुजन संशोधकांचे काम इतक्या मोठ्या प्रमाणात एका जागी आधी कधी आलेले नव्हते. पण मराठीतले कितीतरी जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा येतो. सर्च इंजिनला ते प्रबंध जवळपास अदृश्य आहेत. यातल्या हजारो पानांमागे कोणाची तरी शिष्यवृत्ती, कोणाच्या तरी आईची मजुरी आहे. हे प्रबंध पुन्हा ओसीआरमधून काढून युनिकोडमध्ये आणणे आणि त्यांना मराठी सारांश व विषयशब्द जोडणे हे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या पातळीवर करता येण्यासारखे काम आहे. नवे यंत्रही घ्यावे लागत नाही.

पैसा नाही, हे उत्तर येणारच. म्हणून एक आकडा लक्षात ठेवावा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. योजना वाईट नाही. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला बड्या संस्थेइतकीच नियतकालिके मिळावीत, ही गोष्ट आपल्याच फायद्याची आहे. पण हा पैसा आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिके तीन वर्षे वाचण्याचे भाडे आहे. याच्या एका तुकड्यात देशातल्या जातिविरोधी नियतकालिकांचे उरलेसुरले अंक कायमचे जपून होतील. ते आपल्या मालकीचे असतील आणि दर तीन वर्षांनी करार नवा करावा लागणार नाही.

दुसरे हमखास येणारे उत्तर कॉपीराइटचे. त्याबाबत कायदा नीट माहीत असलेला बरा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, त्या वर्षअखेरीस, हक्क संपतो. फुले, भालेकर, लोखंडे यांच्या लेखनावर कधीचाच कोणाचा हक्क उरलेला नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७पासून सर्वांसाठी खुले आहे. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची साठ वर्षे छापल्यापासून मोजतात, एवढा फरक ध्यानात ठेवावा. आणि हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाचेही, ते ग्रंथालयाकडे कागदी स्वरूपात असेल तर, जपणुकीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवायची मुभा २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. नेटवर टाकता येणार नाही, पण वाचवता येईल. ‘कॉपीराइट आहे म्हणून स्कॅन करत नाही’ आणि ‘कॉपीराइट आहे म्हणून नेटवर देत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ग्रंथपाल पहिले बोलले तर त्यांना नम्रपणे दुसरे आठवण करून द्यावे.

उघडेपणाबद्दल मात्र एक गोष्ट आपल्या बाजूनेही विचार करण्यासारखी आहे. सगळेच सगळ्यांना खुले असावे, असे नाही. अत्याचाराच्या प्रकरणांतली निवेदने, पीडित कुटुंबांची नावे-पत्ते, वसतिगृहांच्या आणि शिष्यवृत्तीच्या नोंदवह्यांतले जातींचे रकाने हे इतिहासाचे साधन आहे आणि जिवंत माणसांना इजा करू शकणारी माहितीही आहे. कोण काय पाहू शकेल हे समुदायाशी बोलून ठरवता येते. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू आदिवासींसोबत ‘मुकुर्तू’ ही संग्रहप्रणाली उभी राहिली ती याच गरजेतून. आपल्या विद्यापीठांत ही चर्चा सुरूसुद्धा झालेली नाही.

आता आपल्या हातात काय आहे? पहिले, माहिती मागणे. सरकारी विद्यापीठ माहिती अधिकाराखाली येते. केंद्रीय विद्यापीठात शुल्क दहा रुपये, महाराष्ट्रातही तेवढेच, उत्तराला तीस दिवस. डिजिटायझेशनसाठी निवडलेल्या ग्रंथांची यादी, निवड समितीतली नावे, निविदेतला दर आणि पूर्ण झालेल्या पानांची भाषानिहाय संख्या एवढे मागितले तरी पुष्कळ उघड होते. एवढे विचारणारे कोणीतरी आहे हे कळले, तरी पुढची यादी करणारा दोनदा विचार करतो. समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे, ओबीसींचे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी का नाहीत, हा प्रश्न लेखी विचारावा.

दुसरे काम घरातले. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीला अशोक विजयादशमीला स्टॉलवर लाखो रुपयांच्या पुस्तिका विकल्या जातात. त्यांतल्या दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका पुढच्या वर्षी मिळत नाहीत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वस्त बंगाली पुस्तकांचे डिजिटल जतन केले आहे, तेव्हा विद्यापीठाला हे शोभत नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई आणि नागपूरच्या विद्यापीठांनी दरवर्षी त्या दिवशी दोन माणसे पाठवून प्रत्येक पुस्तिकेच्या दोन प्रती रोखीने घ्याव्यात आणि त्यांना दाखल क्रमांक द्यावा. बिल नसेल तर खरेदीचा पंचनामा करावा. एवढा खर्च फीत कापण्याच्या कार्यक्रमातल्या चहापाण्यात भागतो.

आणि आजोबांच्या ट्रंकेत ‘जनता’चे अंक, समता सैनिक दलाची पावती किंवा नामांतराचे पत्रक निघाले, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, ओल आत कोंडते. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. घडी उलगडून सपाट ठेवा, कडेच्या उजेडात मोबाईल सरळ धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि फाइलच्या नावात तारीख, गाव आणि कागद कोणाकडचा ते लिहा. विद्यापीठाला मूळ कागद द्यायचे ठरले, तर देणगीपत्रावर कुटुंबाचे नाव संग्रहाला राहील, दाखल क्रमांक कळवला जाईल, स्कॅनची एक पूर्ण प्रत कुटुंबाला मिळेल आणि संग्रह कधी काढून टाकायचा झाल्यास आधी कुटुंबाला विचारले जाईल, या चार गोष्टी लिहून घ्या. सही-शिक्क्याची पावती हातात येईपर्यंत ट्रंक सोडू नका.